मधलं जनुक कोणतं?

आंब्याला मोहोर आला की रत्नागिरीतले बागायतदार पालक मला हटकून विचारतात, "मॅडम, फळमाशीवर काही सापडलं का?" हापूसला डंख करते ती माशी निराळी. आमची ड्रोसोफिला म्हणजे पिकल्या केळ्यावरचं चिलट. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, गुणसूत्रांच्या फक्त ४ जोड्या, आणि २५ अंश तापमानात अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस. एवढ्या भांडवलावर जनुकाची जागा शोधता येते, हे दरवर्षी शिकवूनही मला नवलाचं वाटतं.

त्या वर्षी तृतीय वर्षाच्या मुलांना मी एक्स गुणसूत्रावरची तीन जनुकं दिली: पांढरे डोळे, छोटे पंख आणि वेडेवाकडे राठ केस. त्यांचा क्रम मात्र सांगितला नाही. पुस्तकंही मिटवायला लावली.

तयारी किचकट होती. कोशातून बाहेर आल्यावर ८ तासांच्या आत माद्या वेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर बाटलीतल्याच नराशी त्यांचा संबंध येतो. अंग फिकट आणि पोटात काळसर ठिपका दिसला, की मादी कोवळी. मुलं त्यासाठी पहाटे यायची. दुपारचा उकाडा ही दुसरी चिंता, कारण ३० अंशांच्या आसपास नर वांझ होऊ लागतात. म्हणून बाटल्या आतल्या खोलीत, ओल्या वाळूच्या परातीत ठेवल्या होत्या.

तिन्ही दोष असलेल्या माद्या आणि साधे नर असा पहिला संकर. त्यातल्या मुली दिसायला साध्या, मुलगे तिन्ही दोषांचे. या भावाबहिणींचा पुन्हा संकर केला, की आईकडून जे आलं ते पुढच्या पिढीत नर-मादी दोघांतही उघड दिसतं.

मोजणीचा दिवस उजाडला. ईथर देऊन निपचित पडलेल्या माश्या पांढऱ्या फरशीवर, हातात बारीक ब्रश. डोळे, पंख, केस बघायचे आणि आठांपैकी एका ढिगात सरकवायचं. दुपारपर्यंत दोन ढीग फुगले: सगळं साधं आणि सगळं सदोष. आजी-आजोबांचीच ही रूपं. चार ढीग मध्यम. दोन ढिगांत मात्र मोजक्याच माश्या: पांढरे डोळे, मोठे पंख, वाकडे केस; आणि लाल डोळे, छोटे पंख, सरळ केस.

पावसहून येणारी एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, त्या दोन ढिगांवरून नजर हलवेना. मग म्हणाली, "मॅडम, आजी-आजोबांशी ताडून बघितलं तर यांचे फक्त पंखच बदललेत. म्हणजे पंखांचं जनुक मधे असणार."

तिचं बरोबर होतं. नुसता मधला तुकडा बदलायचा तर जोडीतल्या दोन गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल त्याच्या दोन्ही बाजूंना व्हावी लागते. दोन्ही एकाच वेळी होणं दुर्मीळ, म्हणून त्या माश्या सर्वांत कमी. मी फळ्याकडे गेलेसुद्धा नव्हते.

दोन जनुकांमध्ये शंभर माश्यांमागे जितक्या अदलाबदली, तितकं त्यांच्यातलं अंतर धरतात. लगेच एकाने हरकत घेतली. डोळे ते पंख आणि पंख ते केस ही अंतरं मिळवली तर पन्नाशीच्या पुढे जातात. डोळे ते केस थेट मोजलं तर पन्नाशीच्या आत. चुकलं कुठे? यावर तासभर वाद झाला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. दुहेरी अदलाबदलीत दोन्ही टोकं पुन्हा पहिल्यासारखी एकत्र येतात, म्हणून थेट मोजणीत ती निसटते. त्या माश्या दोनदा मिळवल्यावर हिशेब जुळला. लांबचं अंतर जवळच्या टप्प्यांनीच का मोजतात, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही. प्रमाण नकाशात ही जनुकं १.५, ३६.१ आणि ५६.७ वर आहेत. आमचे आकडे त्याच्या जवळपास होते. असा पहिला नकाशा १९११ मध्ये जनुकशास्त्रज्ञ मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत स्टर्टेव्हंटने एका रात्रीत काढला, तेव्हा तोही पदवीचाच विद्यार्थी होता, हे ऐकून मुलं सुखावली.

निघताना त्याच मुलीने विचारलं, "बापाच्या गुणसूत्रांतही असंच होतं का?" नराला एक्स एकच, तेव्हा दुसऱ्या गुणसूत्रावर बघ म्हटलं, आणि काळं अंग व खुरटे पंख यांच्या कुप्या तिच्या हाती दिल्या. तिने एका कुपीत संकरित नर लावला, दुसरीत संकरित मादी; जोडीदार दोन्हीकडे काळ्या अंगाचा आणि खुरट्या पंखांचा. मादीच्या कुपीत चारही प्रकारची संतती निघाली. नराच्या कुपीत दोनच: पूर्ण साधी, नाहीतर काळी आणि खुरट्या पंखांची.