तुम्ही विचारलंत म्हणून: खांद्यावरच्या त्या बॅगेबद्दल

चेष्टा चारचौघांत होते, चौकशी एकट्याने. "काका, काकूंची पर्स तुमच्याकडे कशी?" असं लिफ्टमध्ये सगळ्यांदेखत विचारणारा शेजारीच रविवारी दूध आणताना हळूच गाठतो, "कुठली हो ही? मावतं काय काय हिच्यात?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी माझाही सगळा संसार खिशांतच होता. मागच्या खिशातलं पाकीट कार्डं, जुन्या पावत्या आणि गणपतीच्या दोन फोटोंनी फुगून वडापावाएवढं झालेलं. दिवसभर खुर्चीत त्याच्यावरच बसायचं. उजव्या पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गोळ्या नंतर. आधी ते पाकीट तिथून काढा." फोन शर्टाच्या खिशात असायचा. डोंबिवलीला फलाटाच्या कडेला बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि तो थेट रुळांत.

आणि पुरुषाने पिशवी बाळगणं आपल्याकडे नवीन थोडंच आहे? आजोबांच्या कमरेला चंची असायची. दोरी सोडली की उलगडत जायची: एका कप्प्यात पान, दुसऱ्यात कातरलेली सुपारी, तिसऱ्यात तंबाखू, शिवाय चुन्याची डबी. वारकऱ्याच्या खांद्यावर पडशी, न्हाव्याच्या काखेत धोपटी, समाजवाद्यांच्या खांद्याला शबनम. यांतल्या कशाला कुणी पर्स म्हटल्याचं ऐकलं नाही.

घ्यायचीच असेल तर दुकानात जाण्याआधी एका रात्री सगळे खिसे पलंगावर रिकामे करा. माझ्या खिशांतून निघालं ते असं: फोन, किल्ल्या, पास, चष्मा, बीपीच्या गोळ्यांची पट्टी, रुमाल, चिल्लर आणि भाजीची घडीची पिशवी. एवढ्याला 20 बाय 15 सेंटिमीटरची बॅग पुरते. पाण्याची बाटली मावेल अशी मुळीच घेऊ नका. जागा दिसली की घरचे भरतात. "अहो, तुमच्याकडे बॅग आहेच ना, एवढी माझी छत्री ठेवा."

माझी पहिली बॅग रेक्झिनची होती. दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटले, पांढऱ्या शर्टावर काळा भुगा. मग हौसेने धारावीतून चामड्याची आणली. चामडं उत्तम, चूक माझी: जुलैभर कपाटात कोंडली, ती बुरशीने पांढरी होऊन बाहेर आली. आता नायलॉनची वापरतो. दिसायला सामान्यच आहे, पण पावसाला पुरून उरते.

रंगबिंग तुमचं तुम्ही बघा. मी दोनच गोष्टी बघतो. एक, चेन. दुकानातच दहा वेळा उघडझाप करायची, दुकानदार वैतागला तरी चालेल. वळणावर रनर अडखळला की बॅग परत ठेवायची. दुसरी, पट्टा बॅगेला जिथे जोडलाय ती शिवण. चौकोन आणि त्यात फुली अशी असेल तर ठीक, नुसती सरळ टीप असेल तर गर्दीत एका हिसक्यात उसवते. लोकलमध्ये बॅग पोटावर घ्यायची आणि चेन बंद केल्यावर रनर आपल्या हाताखाली येईल असा ठेवायचा.

शेजाऱ्याने परवा घेतली एकदाची. बाटलीवालीच घेतली. काल लिफ्टमध्ये भेटला, तेव्हा तिच्यातून कोथिंबिरीची जुडी डोकावत होती.