काळीज उगवते का?

बडोद्यात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तरी प्रश्नांतून सुटका नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारीणबाईंनी भावाला यकृताचा उजवा खंड दिल्यापासून एकच प्रश्न वारंवार येतो : "सर, पालीच्या शेपटीसारखे यकृतही पुन्हा उगवते का हो?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (मराठीत काळीज म्हणजे मुळात यकृतच, हृदयाने तो शब्द मागाहून बळकावला.)

तसे उगवत नाही. पालीची शेपटी तुटल्या जागी कोवळ्या पेशींचा गोळा जमून फुटते. यकृताचा कापलेला खंड मात्र परत येत नाही, उरलेले खंडच वाढून वजनाची तूट भरून काढतात. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये पांढऱ्या उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून हे पद्धतशीर दाखवले. आठवडा-दहा दिवसांत त्या उंदरांचे यकृत जवळपास मूळ वजनाला येते.

मला भुरळ पडते ती यामागच्या रासायनिक निरोपांची. एरवी क्वचितच विभागणाऱ्या यकृतपेशींना रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून 'विंट' आणि 'एचजीएफ' ही प्रथिने जागे करतात, आणि उंदरात तर दिवसाभरात पेशी डीएनएची प्रत काढू लागतात. हे निरोप खास जखमेसाठी घडलेले नाहीत, मुळात ते गर्भ घडवतानाचेच आहेत. एचजीएफ नसलेल्या उंदराच्या गर्भाचे यकृत खुरटते आणि तो जन्माआधीच दगावतो. विंटच्या नावात तर 'विंगलेस' ही पंख हरवलेली फळमाशी दडली आहे. तिच्यावरचा शोधनिबंध शर्मा आणि चोप्रा या भारतीय संशोधकांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला होता. मात्र गर्भातला निरोप ऐकूनही यकृतपेशी गर्भावस्थेत परतत नाही; पित्त, साखर, प्रथिने यांचा कारभार सांभाळतच ती विभागते.

दारूने किंवा हेपटायटिसने वर्षानुवर्षे इजा होत राहिली, तर गर्भातलाच 'हेजहॉग' हा आणखी एक निरोप यकृतातल्या ताऱ्यासारख्या आकाराच्या तारकापेशींना चिथावतो, त्या चिवट तंतू विणत सुटतात आणि यकृत निबर होते. त्यामुळे यकृत वाढवून देणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती मी वाचतही नाही. निरोप नुसता वाढवून भागत नाही, तो वेळेवर थांबावाही लागतो.

बाईंनी परवा तपासणीचा रिपोर्ट आणला. उजव्या खंडाची त्यात नोंदच नव्हती. बरगडीखाली उजवीकडे हात ठेवून त्यांनी विचारले, "मग इथे आता काय आहे?"

"डावाच," मी म्हणालो, "सरकून पसरला आहे."