बेल न वाजवता

शनिवार, रात्री

सुधीरदादा मासेमारीसाठी बर्फाला भोक पाडायचं गिरमिट ठेवून गेले. गॅरेजच्या दाराशी, पात्यांना तेल लावून, वर कव्हर चढवून. बेल वाजवली नाही. मी घरातच होते, स्वयंपाकघरात दिवा होता, गाडी बाहेर उभी होती. मेसेज मागाहून आला: "तुझ्याकडेच राहू दे आता. यंदा बर्फावर नाही जमणार." एवढंच.

तब्येतीचं काय ते वहिनींनी फोनवर सांगितलं. त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही. मला लागलंय ते बेलचं.

दोन मिनिटं आत आले असते तर काय झालं असतं? चहा झाला असता. मी हट्ट धरेन अशी भीती होती का? धरलाही असता मी. तरी बेल वाजवायला हवी होती.

बर्फावर एकटीने जायचं नाही, हा नियम त्यांचाच. स्वच्छ, टणक बर्फ निदान ४ इंच हवा, हे इथे कोलोरॅडोत सगळेच सांगतात. पण इलेव्हन माइल तलावाचा बर्फ सगळीकडे सारखा कधीच नसतो. साउथ पार्कच्या पठारावरचा वारा पाणी स्वस्थ बसू देत नाही, त्यामुळे एक खाडी गोठलेली तर पलीकडची उघडी. म्हणून ते पुढे पहारेने ठोकत चालायचे आणि मी मागे अंतर ठेवून, खांद्यावर दोर घेऊन. दोर कधी लागला नाही. पण दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस लागतोच.

भोक पाडून झालं की मी ओणवी होऊन डोक्यावर जाकीट ओढून घ्यायचे. अंधार केला की खालचं पाणी उजळतं. सात-आठ फुटांवर तळाची वाळू दिसते, शेवाळाचे तुरे दिसतात, गळाचा इवलासा मणी डोलताना दिसतो. पहाटे रेनबो ट्राउट असे उथळात येतात. एखादा सावकाश येतो, आमिषापासून वीतभर लांब थांबतो, कल्ले उघडतात, मिटतात, अंगावरचा गुलाबी पट्टा स्पष्ट दिसतो, आणि तो तोंडही न लावता मागे सरतो. "दिसला का?" असं दादा शेजारच्या भोकावरून विचारायचे. मासा लागला की नाही हे त्यांनी आधी कधी विचारलं नाही. दिसला का, हेच आधी.

पाणी सगळ्यात जड असतं ४ अंशांना, म्हणून तळ उबदार राहतो आणि बर्फ वर तरंगतो, म्हणून खाली सगळं जिवंत राहतं. शाळेत पाठ केलं होतं. कळलं ते त्या भोकावर. आता मला कोण विचारणार दिसला का म्हणून? पहाटे साडेतीनला डेन्व्हरहून निघायला दुसरं कोण तयार होणार? माझा हिवाळाच गेला. आणि तो गेल्याचं मला गॅरेजच्या दारात कळलं.

मघाशी कव्हर काढून पाहिलं. पाती नवी आहेत. जुनी गेल्या मोसमात तळाच्या वाळूला लागून बोथट झाली होती. म्हणजे त्यांनी ती या शरद ऋतूत विकत आणून बसवली. कधी? यायचं ठरलेलं असताना, की नाही ठरल्यावर? बराच वेळ हातात घेऊन बसले.

ऑक्टोबरमध्ये रोअरिंग जूडीच्या मत्स्यबीज केंद्रावर गेलो होतो. ब्लू मेसा जलाशयातून कोकनी मासे ईस्ट नदीने वर परत आले होते. वर्षभर चांदीसारखे असणारे मासे लालभडक झालेले, नरांचा जबडा आकड्यासारखा वळलेला, पाठीला कुबड. ही सॉकाय सामनची जात. समुद्राचं तोंड न बघता गोड्या पाण्यात वाढते आणि अंडी घातली की मरते. दादा कठड्याला टेकून फार वेळ बघत होते. मला थंडी वाजत होती, मी निघूया म्हणाले. तेव्हाच त्यांना... असो.

बेल का नाही वाजवली, हे मी त्यांना विचारणार नाही. आज दुपारपर्यंत विचारणार होते. आता वाटतं, दारात उभं राहून ते वाक्य तोंडाने बोलणं त्यांना जड गेलं असतं आणि मला ऐकणंही. तेल लावायला मात्र ते वेळ काढून बसले होते.

जानेवारीतल्या शनिवारी इलेव्हन माइलवर तंबूंची वस्ती असते. तिथल्या लोकांच्या जवळपास बसता येईल. पहार माझ्या हातात असेल, एवढं शिकलेय. वसंतात स्पिनी माउंटन तलावाचा बर्फ सुटला आणि फाटक उघडलं की काठाकाठाने एकटीला फिरता येतं. तिथे फक्त कृत्रिम माश्या आणि कृत्रिम आमिषं चालतात, आणि भुकेले ट्राउट तेव्हा अगदी काठाला येतात. त्याला सोबत लागत नाही.

उन्हाळ्यात मात्र लागते. वरचं पाणी तापलं की कोकनी खाली गार थरात जातात. मग शिशाचं वजन लावून गळ खोल सोडायचा, हुकाला पांढऱ्या मक्याचे दाणे, आणि बोट अगदी सावकाश. कोकनीचं तोंड इतकं मऊ की जरा ओढलं की हुक फाटून निघतो. एकाने रॉड धरायचा, दुसऱ्याने जाळी. आजवर जाळी दादांकडे असायची. यंदा त्यांनी रॉड घेऊन खुर्चीत बसायचं, वाकायचं काम माझं. दुपारचे ढग जमायच्या आत काठाला यायचं. पकडलेले वहिनींकडे, रवा लावून तळायला.

१ एप्रिलपासून मासेमारीचं नवं लायसन्स लागतं. त्यांनाही काढायला सांगणार आहे. ब्लू मेसासाठी जूनमधली सुट्टी सोमवारी ऑफिसात मागून टाकते, नाहीतर नंतर कोणी देत नाही.