कॅमोफ्लाज घालून काळविटामागे: कारंज्याच्या शिवारातले हाल

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांचे पैसे वाचतील. काळविटाजवळ पायी जायला कॅमोफ्लाज, म्हणजे झाडीत मिसळून जाणारे कपडे, लागत नाहीत. आमच्या सहलीच्या आयोजकाने ‘किट सक्तीचं आहे’ म्हणून माणशी नऊशे रुपये भाडं घेतलं, वर दोन हजार डिपॉझिट. त्या किटमुळे आम्ही जनावरांना दिसलो नाही असा एकही प्रसंग आठवत नाही. दिसलो, ऐकू आलो आणि एकदा तर कुसळी गवतात अडकलो.

जवळ जायचं ते फोटोसाठी, हे वेगळं सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार केली तर किमान तीन वर्षं आत. वाशीम जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही. आमची पायपीट सगळी हद्दीबाहेरच्या शेतांतली. हरभरा तिथे काळवीट, आणि हरभरा हद्दीबाहेर आहे.

समृद्धीवरून येणाऱ्यांना कारंजा लाडला उतरता येतं. रेल्वेने आलात तर मूर्तिजापूर, तिथून एसटी. शकुंतला ही जुनी छोटी रेल्वेगाडी बंद पडली आहे, तिची वाट पाहू नका. गावात गुरुमंदिर आहे, जुनी जैन मंदिरं आहेत, जेवण चांगलं मिळतं. पहिला दिवस त्यात गेला, मजेत गेला, पुढे.

किट म्हणजे काय, तर हिरव्या पानांच्या छापाचं पॉलिएस्टरचं जाकीट-पँट आणि वरून पानं शिवलेली जाळीची झूल, जिला गिली सूट म्हणतात. हिरवी! फेब्रुवारीच्या शेवटी वऱ्हाडात हिरवं काय असतं? विहिरीवरचा गहू, तोही पिवळा पडायला लागलेला. बाकी काळी जमीन, उभी पऱ्हाटी, कापलेली तूर आणि वाळकं गवत. त्यात आम्ही रांगेने चाललेल्या करवंदीच्या जाळ्यांसारखे दिसत होतो. शिवाय पॉलिएस्टर पऱ्हाटीला घासलं की खस्स खस्स. खिशाचं वेलक्रो उघडलं तेव्हा तर दोन शेतं पलीकडच्या माद्यांनी माना वर केल्या.

आता नाल्यापलीकडचं तुरीचं शेत. या शेताबद्दल मी घरी आल्यापासून भेटेल त्याला सांगतोय, तुम्हीही ऐका. पांदण संपली की नाला लागतो. नाल्याच्या काठाला गुडघाभर कुसळी, आणि कुसळं नेमकी त्या जाळीत शिरतात. शिरलेलं कुसळ बाहेर येत नाही, आतच सरकत जातं. पानं शिवलेली झूल म्हणजे कुसळं गोळा करायचं यंत्रच. साध्या सुती पँटला लागली असती त्याच्या कैकपट एकेकाच्या अंगावर होती. नाला ओलांडला की तूर कापलेलं शेत. विळ्याने तिरके कापलेले तुरीचे खुंट वीतभर उंच आणि टोकदार असतात, आणि आयोजकाचा हुकूम होता की इथून रांगत जायचं. गुडघ्यांना काही बांधा, असं त्याने आधी सांगितलं नव्हतं. काळ्या जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या, त्यात तळहात जायचा आणि मनगट मुरगळायचं. आमच्यातल्या एकाची पँट मांडीपर्यंत फाटली. निम्म्या वाटेवर पोचलो तर कळप निघून गेला होता. पळालाही नाही, चालत गेला. संध्याकाळी आयोजकाने जाळीत कुसळं अडकली म्हणून डिपॉझिटमधले सहाशे कापले. त्याच्याच किटमध्ये, त्यानेच दाखवलेल्या वाटेवर!

कळप निघून जायच्या आधी, आम्ही खुंटांत पालथे पडलेलो असताना पांदणीवरून एक म्हातारे शेतकरी बैलगाडी घेऊन आले. पांढरं धोतर, पांढरी बंडी, डोक्याला लाल दुपट्टा. गाडी कळपाच्या पुढच्या रोखाने, चाळीसेक पावलांवरून गेली. एक मादी बाजूला झाली, बाकीची चरत राहिली. आमच्यापाशी गाडी थांबवून त्यांनी विचारलं, “काऊन भाऊ, हा पाला काऊन गुंडाळला अंगाले?” मी म्हटलं, हरणांना दिसू नये म्हणून. “हरणं मले रोज पायतेत. तुमाले कवा पायलं त्याइनं?” एवढं बोलून त्यांनी बैल हाकलले.

काळवीट डोळ्यांवर जगणारं जनावर आहे, उघड्या माळावर त्याचा मुख्य आधार तोच. पण त्याचे डोळे आपल्यासारखे नाहीत. १९९४ साली अमेरिकेत जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे आणि फॅलो हरणाचे डोळे तपासले, तेव्हा रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या सापडल्या: एक निळ्याला प्रतिसाद देणारी, दुसरी हिरवट-पिवळ्याला. गाई, शेळ्या, मेंढ्यांचंही तसंच, आणि काळवीट त्यांच्याच कुळातलं. लाल-केशरी त्यांना भडक दिसत नाही, मळकट पिवळसर दिसतो. वाघ केशरी असूनही त्याचं पोट भरतं ते यामुळेच. म्हणजे काकांचा लाल दुपट्टा बिनधोक होता. बारकावा टिपण्यात हरणाची नजर आपल्यापेक्षा कमी, पण आडव्या बाहुलीमुळे जवळजवळ चहूकडचं दिसतं आणि हललेलं चटकन कळतं. छापावरची पानं त्याला दिसतच नाहीत. दुरून सगळा एक गडद गोळा होतो, आणि तो गोळा रांगतो आहे एवढं त्याला पुरतं.

रंगांत सांभाळायचा तो निळा. जीन्स घालून जाऊ नका. दुसरं म्हणजे कपडे चमकवणारी धुण्याची पावडर. त्यातली द्रव्यं अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड टाकतात, आणि हरणाच्या डोळ्यातलं भिंग आपल्याइतकं अतिनील अडवत नाही. आमचं किट कशात धुतलं होतं ते वासावरूनच कळत होतं. मग काकांची पांढरी बंडी कशी चालली? कारण ती रोजची, गाडीबरोबरची, सरळ आपल्या वाटेने जाणारी. दबा धरून येणारा माणूस आणि कामाला जाणारा माणूस हा फरक कळपाला चांगला कळतो.

हे काही नवं नाही. याच भागातले जुने फासेपारधी शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडून हरणांपर्यंत जायचे. पारध्यांच्या एका शाखेचं नावच गायपारधी. ते हरण पकडण्यासाठी होतं आणि आता तो गुन्हा आहे, पण युक्ती बघा: कापड कुठेच नाही, आड आहे ते रोजचं जनावर.

शेवटच्या सकाळी मी किट खोलीवर ठेवलं, काकांचं घर विचारत गेलो आणि गाडीमागून चालत निघालो. खाकी सुती शर्ट, मातकट पँट, तोंडाला दुपट्टा. काका मध्येच बैलांशी बोलत होते, विडी ओढत होते, आणि मी म्हणतोय आता सगळं बिघडणार. काही बिघडलं नाही. बांधाशी गाडी थांबली, मी चाकाआड बसलो, आणि पूर्ण काळा झालेला नर, पिळाची शिंगं मागे टाकून, दोनशे मिलिमीटरच्या लेन्समध्ये मावेनासा झाला. माझे हात एवढे थरथरत होते की पहिल्या फोटोंत नुसता हरभरा आलाय. काकांनी दोनशे रुपये घेतले. मी म्हणतो कुठल्याही किटवाल्याला एक पैसा देऊ नका, सगळे गाडीवाल्याला द्या. या वाक्यात थोडा त्या सकाळचा आनंद आहे, पण बदलणार नाही.

गाडी मिळाली नाही तर वारा तोंडावर आणि सूर्य पाठीशी ठेवा. वाऱ्यासाठी चुलीतली राख फडक्यात बांधून न्या, चिमूटभर सोडली की कळतं. थेट कळपाकडे जाऊ नका, तिरपे जा, त्यांच्याकडे टक लावू नका, माना खाली असतील तेव्हाच हला. चेहरा आणि हात झाका, उन्हात तेच सर्वांत चमकतात, घड्याळ काढा. तुरीच्या खुंटांतून रांगू नका, बांधाने जा.

ज्यांना पुढे पेंच-ताडोब्याच्या बफरमध्ये मार्गदर्शकाबरोबर पायवाटांवर चितळ बघायचेत, त्यांच्यासाठी एक दुरुस्ती. तिथे झाडावर माकडं असतात. लंगुराला आपल्यासारखेच रंग दिसतात, पक्ष्यांना आपल्याहून जास्त. चितळाला न कळलेला लाल शर्ट माकडाला कळतो, आणि माकड ओरडलं की चितळ त्याचं ऐकतो. म्हणून तिथे मळकट रंग घाला. छाप मात्र तिथेही नको.

कॅमोफ्लाज इथे धोक्याचंही आहे. रोही (नीलगाय) आणि डुकरांपासून पीक राखायला लोक रात्रभर जागलीला असतात. पहाटे पालेदार कपड्यातला माणूस पऱ्हाटीतून सरकताना दिसला तर तो चोर किंवा शिकारीच. आमच्यावर एकदा गोटा आला, नशिबाने लागला नाही. पिकाभोवती लावलेली झटका मशीनची विजेची तार जोरात हिसका देते, जीव घेत नाही. पण काही जण चोरून थेट लाइनचा करंट सोडतात, आणि त्यात जनावरांसारखी माणसंही मेली आहेत. शेतमालकाला आदल्या दिवशी भेटून कुठली तार कशाची ते विचारल्याशिवाय अंधारात बांध ओलांडू नका. गडचिरोलीकडे तर असले कपडे बॅगेतही नेऊ नका. बंदूकवाले दोन्हीकडचे, नक्षलवादी काय आणि पोलीस काय, हिरव्यातच असतात, लांबून कोण कोण ते विचारायला कुणी थांबत नाही. लष्कराची २०२२ ची नवी नक्षी तर नोंदणीकृत आहे, तिची नक्कल विकणंच बेकायदा, तरी दुकानदार ‘ओरिजिनल मिलिटरी’ म्हणून गळ्यात मारतात.

जायचं तर हरभरा निघायच्या आत जा. मार्च सरला की ऊन सकाळी नऊलाच सोसवत नाही, आणि पहिल्या पावसानंतर ती काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते, पाऊल उचलत नाही.