पिकवर काढलेला बाण

गिटार शिकायला लागल्यावर पहिली तीन वर्षं एकाच गोष्टीने मला हैराण केलं होतं. गाणं दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचेतो हातातलं पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी टोकदार चकती, फिरलेलं असायचं. टोक भलतीकडे आणि तारांवर घासतोय तो पिकचा गोल खांदा. आवाजात ते लगेच कळतं, टोकाची खणखणीत धार जाते आणि सगळं बोथट ऐकू येतं. कधीकधी पिक हातातून निसटून थेट साउंडहोलमध्ये, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या गोल भोकात. मग गिटार उलटी करून हलवत बसायचं.

यावर मी पिक आणखी घट्ट धरायचे, अगदी अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत. त्याने मनगट ताठरायचं, ताठ मनगटाचा फटका जोरात बसायचा आणि पिक जास्तच फिरायचं.

एका संध्याकाळी मी मार्करने पिकवर टोकाच्या दिशेने बाण काढला. ठेका देणारा मेट्रोनोम मिनिटाला ९० ठोक्यांवर लावून नुसती जी कॉर्ड (ठरावीक सुरांचा एकत्र झंकार) खाली-वर वाजवत राहिले आणि फोनवर हाताचा स्लो मोशन व्हिडिओ घेतला. मला वाटायचं, पिक हळूहळू सरकत असेल. तसं नव्हतंच. बरेचसे फटके बाण जागचा हलायचा नाही, मग एखाद्या डाउनस्ट्रोकला, म्हणजे खाली जाणाऱ्या फटक्याला, हिसका बसून एकदम तिरका व्हायचा. ज्या फटक्याला हिसका बसायचा, त्याला पिक जवळजवळ अर्धं तारांमध्ये घुसलेलं दिसायचं.

तिथे सगळा उलगडा झाला. बोटांची पकड म्हणजे बिजागरी आणि बाहेर राहिलेलं टोक म्हणजे दांडी. दांडी जितकी लांब, तितकी तार पिकला सहज फिरवते. मी जवळपास एक सेंटिमीटर टोक बाहेर ठेवत होते. आता चार-पाच मिलिमीटर ठेवते आणि तारेला फक्त टेकून जाईल एवढंच आत घालते. पिक तारांना अगदी सपाट न लावता किंचित कललेलं ठेवलं, की कड तारेवरून घसरत जाते, अडकत नाही.

दुसरी चूक बोटांची होती. मी अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांत, चिमटीत मीठ घ्यावं तसं पिक धरायचे. दोन्हीकडे गोल मांस, म्हणजे पिक जेमतेम एका ठिपक्यावर तोललेलं. ते भोवऱ्यासारखं फिरणारच. आता तर्जनी वाकवून तिच्या शेवटच्या पेराच्या कडेवर पिक आडवं ठेवते आणि वरून अंगठ्याचा फुगीर भाग टेकवते. ठिपक्याच्या जागी पट्टी मिळाली, की पिकला फिरायला मोकळीक उरत नाही. पहिले दोन आठवडे हात परका वाटला, हे खरं. पण बाकीचे सगळे उपाय एका पारड्यात टाकले तरी हा एक मला भारी वाटतो.

पिकचा दोषही असतोच. गुळगुळीत सेल्युलॉइड प्लास्टिकचं पिक घामाने निसटतं. मॅट, किंचित भुकटीसारखा पोत असलेलं डेलरिन या प्लास्टिकचं पिक माझ्या बोटांत जास्त टिकतं. जाडीचं म्हणाल तर १.५ मिमीचं पिक वाकत नाही, त्यामुळे तारेचा सगळा धक्का बोटांवर येतो. स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारा एकत्र छेडायला, मी ०.७३ मिमीचं वापरते. जुन्या पिकांवर ब्लेडने आडव्याउभ्या रेघा मारल्या, तेही छान चाललं. रेघा फक्त पकडीच्या जागी हव्यात, टोकाला लागल्या तर तारेवर खरखर ऐकू येते. पातळ पिकला कागदाच्या पंचने मधोमध भोक पाडलं तर अंगठा आणि तर्जनी त्यातून एकमेकांना टेकतात. आणि वाजवायच्या आधी हाताला क्रीम लावू नका.

ज्यांचं पिक तरीही फिरतं, त्यांनी त्रिकोणी पिक जरूर वापरून बघावं. तिन्ही कोपरे सारखे, त्यामुळे फिरलं तरी दुसरा कोपरा तारेवर हजर. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे तर सहा पेन्सच्या जुन्या ब्रिटिश नाण्याने वाजवतात. गोल नाणं कितीही फिरो, तारेला कड तीच मिळणार.

मी मात्र नेहमीच्याच आकारावर राहिले. हल्ली दोन ओळींच्या मध्ये, एखादी तार मोकळी वाजत असते तेवढ्यात, अंगठ्याने पिक हलकेच सरळ करून घेते. हे मी मुद्दाम, मेट्रोनोमवर, दर चौथ्या मात्रेला करून बसवलं. बाण अजून त्या पिकवर आहे, अर्धा पुसलेला.