आमची वाटचाल : वरच्या दाढेचा दवाखाना

बेळगावच्या टिळकवाडीत दवाखाना थाटला तेव्हा कामं ठरलेली होती. दाढ काढणं, कीड साफ करून भरणं, रूट कॅनाल, कवळी. पुढे इम्प्लांटही (हाडात बसवायचा स्क्रू, ज्यावर नवा दात बसतो) सुरू केले, पण खालच्या जबड्यातले. वरच्या दाढेचा पेशंट आला की चिठ्ठी देऊन पुण्याला पाठवायचो.

कारण साधं आहे. वरच्या दाढांच्या मुळांवर, गालाच्या आत, सायनसची हवेची पोकळी असते. दाढ काढून वर्षं लोटली की खालून हाड झिजतं आणि वरून पोकळी खाली उतरते. थ्रीडी स्कॅनमध्ये जेमतेम तीन-चार मिलिमीटर हाड दिसतं. त्यात स्क्रू धरणार कसा? उपाय तसा जुना. १९८० साली बॉईन आणि जेम्स या डॉक्टरांनी तो छापून मांडला : हाडाला बाजूने खिडकी पाडायची, पोकळीचं अस्तर अलगद उचलायचं आणि खाली ग्राफ्ट, म्हणजे हाड वाढावं म्हणून घातलेली भर, भरायची. आता ही भर बहुधा भुकटीची असते. हे अस्तर बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं. हात बसावा म्हणून कच्च्या अंड्यांवर सराव करतात. कवच कोरायचं, आतला पापुद्रा फाटू द्यायचा नाही. त्या काळात आमच्या घरी रोज आम्लेट असायचं.

मग सोसायटीचं कर्ज काढून पिएझो मशीन घेतलं. ते सूक्ष्म कंपनांनी हाड कापतं, मऊ अस्तराला सहसा धक्का लावत नाही.

खरी परीक्षा मात्र खुर्चीबाहेर होती. एका जैन आजींनी विचारलं, ''डॉक्टर, ही भुकटी कुणाच्या हाडाची हो?'' प्रश्न रास्तच. सर्रास वापरली जाणारी भुकटी गाय-बैलांच्या हाडावर प्रक्रिया करून बनवतात. आमच्या भागात जैन, लिंगायत घरं भरपूर. हे लपवून कसं चालेल? तेव्हापासून मराठी आणि कानडी दोन्ही संमतीपत्रांत भुकटीचं मूळ पहिल्याच ओळीत असतं. कारखान्यात तयार होणारी कॅल्शियम फॉस्फेटची भुकटीही ठेवतो. काहींना स्वतःच्याच जबड्याचं हाड हवं असतं. त्यात जखमा दोन होतात, तेही सांगतो.

निपाणीकडचे पेशंट आले की तंबाखू आणि मिसरीची चौकशी आधी. सुटत नसेल तर तारीखच देत नाही. धंद्याच्या दृष्टीने हे वेडेपणाचं वाटेल, पण तंबाखू घेणाऱ्यांची जखम नीट भरत नाही आणि ग्राफ्ट वाया जाण्याची भीती वाढते.

ऑपरेशननंतर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून. हे एकदा सांगून भागत नाही, सोबत आलेल्या सुनेला किंवा मुलालाही सांगावं लागतं. आणि थांबायचं. गणपतीत हाड भरलं तर इम्प्लांट शिमग्यानंतर. खानापूरकडची मंडळी भाताची सुगी आटोपून येतात आणि पुढच्या पेरणीआधी दात मागतात. त्यांना हिशेब आधीच मांडून देतो.

आता निपाणी, खानापूर, चंदगडचे दंतवैद्य वरच्या दाढेचे पेशंट आमच्याकडे पाठवतात. आम्ही हाड भरून इम्प्लांट बसवतो. वरची कॅप त्यांच्याच दवाखान्यात बसते, आणि तिचे पैसेही त्यांनाच.