अण्णांचा अंगठा

गोळ्यांचं पाकीट हातात देताना केमिस्टने विचारलं, "काय ताई, अण्णांचा अंगठा परत सुजला का?"

मी हो म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली आता.

तेव्हापासून डोक्यात तेच. सूज माझ्या हृदयाच्या आवरणाला, आणि गोळी कुठली, तर अंगठा सुजवणाऱ्या गाउटची. लहानपणी ताईचे फ्रॉक, ताईची पुस्तकं, आता अण्णांची गोळी. छातीत एवढी कळ सोसूनही माझ्या दुखण्याला स्वतःचं औषध असू नये?

आडवं झालं की सुरी फिरते, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. म्हणून पहाटे साडेतीनला मांडीवर उशी, उशीवर कोपर, चौथ्या सीटवर अर्धं टेकल्यासारखी मी, पहिल्या लोकलचा आवाज कधी येतो त्याची वाट बघत. शेजारी हा घोरतोय. असो.

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं होतं. ही गोळी, कोल्चिसिन, पांढऱ्या पेशींची धावपळ आवरते, सुजेच्या जागी त्यांची गर्दी होऊ देत नाही. मग जागा अंगठा असो की हृदय. इटलीत २४० रुग्णांवर अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला. नेहमीच्या औषधांच्या जोडीला ही गोळी दिली, तर दुखणं रेंगाळण्याचं किंवा उलटण्याचं प्रमाण ३७.५ टक्क्यांवरून १६.७ वर आलं. पटलं. पण फ्रॉकच्या वेळीही आई म्हणायचीच, "अगं, कापड चांगलंय."

बाई म्हणाल्या, हेच द्रव्य कळलावीतही असतं. आजीच्या कुंपणावर पावसाळ्यात फुलायची ती, लाल-पिवळी. विषारी म्हणून आम्हाला हात लावू द्यायची नाही. आता कळलावीतलं द्रव्यच माझी कळ काढतंय! हसू आलं, तर छातीत दुखलं.

तीन महिने घ्यायची. सत्तर किलोच्या वर असते तर दिवसाला दोन, मी अडुसष्ट, म्हणून एक. वजनाचा फायदा आयुष्यात पहिल्यांदा झाला.

पोट मात्र बिघडलंय. आज सकाळी संडासाचं दार बाहेरून वाजलं, "आई, किती वेळ?" अण्णा आत पेपर घेऊन बसायचे. आम्ही दार वाजवायचो.

पुढचं पाकीट दुसऱ्या केमिस्टकडून आणावं म्हणते. पण हा दहा टक्के कमी करतो. म्हणजे अण्णांचा अंगठा अजून दोन-अडीच महिने सुजलेलाच राहणार.